रुग्णाच्या वेळेचा हिशेब



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून वसंत ऋतू आणि व्याख्यान यांची आपल्याकडे जोडीच जमून गेली आहे. ह्या जोडीला साजेसा विषय म्हणजे इतिहास, वाङ्मय, तत्त्वज्ञान, नाही तर निदान राजकारण तरी. मी आज ह्यांपैकी कशावरही बोलणार नाही. मी बोलणार आहे सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर ताटकळत बसलेल्या माणसाविषयी. तो किती वेळ बसतो, का बसतो, आणि इतके बसून आत गेल्यावर त्याला किती वेळ मिळतो, एवढाच माझा विषय आहे. विषय लहान दिसतो खरा. पण आपल्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरात तो फार मोठा होतो, आणि तो कसा होतो हेच मला आपणांस सांगावयाचे आहे.

आपल्याकडे एक शब्दप्रयोग आहे : ‘दिवस मोडणे’. शहरातल्या माणसाला तो सहसा वापरावा लागत नाही. त्याचा तास जातो, फार तर सकाळ जाते. आपल्याकडे दिवस मोडतो. आजारी पडलेल्या माणसाच्या घरात पहिला प्रश्न ‘कोणत्या डॉक्टरकडे जावे?’ हा नसतो. ‘आज दिवस मोडायचा का?’ हा असतो. लावणीचे दिवस असले, गुडघाभर चिखलात माणसे उभी असली, तर उत्तर ठरलेले : आज नको, पुढे बघू. ह्या ‘पुढे बघू’मध्ये किती दुखणी वाढतात, ते सांगावयास वैद्य कशाला हवा? ते आपण सारेच जाणतो.

ह्या दोन तालुक्यांची घडणच तशी आहे. वेळवंड खोरे, हिर्डस मावळ, गुंजण मावळ ही नावे इतिहासात आपण अभिमानाने घेतो. पण ज्या डोंगररांगांनी स्वराज्याला आसरा दिला, त्याच रांगा आजाऱ्याच्या वाटेत उभ्या राहतात. भाटघरचे धरण १९२८ साली पुरे झाले. त्याच्या पाण्याने खाली निरेच्या काठी मळे फुलले. वर मात्र गावागावांच्या मध्ये पाणी आले, आणि समोर दिसणाऱ्या गावाला जावयास वळसा पडू लागला. २०११ च्या जनगणनेत भोर तालुक्याची वस्ती सुमारे १ लाख ८६ हजार भरली आणि वेल्ह्याची सुमारे ५४ हजार. ज्या वेल्ह्याला राजगड तालुका असे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला, तो पुणे जिल्ह्यातला सर्वांत विरळ वस्तीचा तालुका आहे. वस्ती विरळ म्हणजे दवाखाने लांब, आणि दवाखाने लांब म्हणजे एस.टी.च्या वेळापत्रकावर माणसाची प्रकृती अवलंबून.

समजा, भुतोंड्याकडची एक बाई भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात निघाली, किंवा केळदकडची एक बाई वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात निघाली. पहाटे उठून तिने भाकऱ्या थापल्या, जनावरांचे केले, पोराला शेजारणीकडे ठेवले आणि गाडी धरली. दवाखान्यात उतरल्यावर पहिली रांग केसपेपरची. दुसरी रांग डॉक्टरांची. डॉक्टरांनी रक्त तपासावयास सांगितले तर तिसरी रांग त्याची, आणि तो कागद दाखवावयास पुन्हा दुसऱ्या रांगेच्या शेपटाला. शेवटची रांग औषधांची. तोवर दुपारची गाडी निघून गेली असेल तर संध्याकाळच्या गाडीपर्यंत स्टँडवर बसणे आले. ह्या साऱ्या दिवसात डॉक्टर आणि ती बाई समोरासमोर किती वेळ होती? दोन मिनिटे. फार तर तीन.

ही दोन मिनिटे आणि तो मोडलेला दिवस ह्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, असे आपण समजतो. ओसरीवर आपण म्हणतो, ‘रांग लवकर सरकवा.’ आत गेल्यावर म्हणतो, ‘डॉक्टरांनी नीट ऐकून घेतले नाही.’ पण ह्या दोन्ही तक्रारी एकाच वहीच्या दोन बाजू आहेत. बाहेरची रांग आतली मिनिटे खाते. जो डॉक्टर दारात वाढत जाणारी गर्दी पाहतो, त्याचा हात आपोआप चिठ्ठीकडे जातो आणि कान बंद होतात. तो वाईट मनुष्य असतो म्हणून असे होते, असे मुळीच नाही. चांगल्या डॉक्टराचेही तेच होते.

हा प्रकार आजचा नाही आणि एकट्या भोरचाही नाही. १९४३ साली त्या वेळच्या हिंदुस्थान सरकारने देशाच्या आरोग्याची पाहणी करण्यासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर. आडनाव भोर असले तरी हे गृहस्थ आपल्या भोरचे नव्हेत. त्यांचा जन्म १८७८ सालचा, नाशिकचा. ह्या समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला. आज आपण ज्याला प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणतो, त्याची कल्पना त्या अहवालात आहे. त्याच अहवालात एक बारीकशी नोंद आहे. समितीने पाहिलेल्या एका दवाखान्यात दर रुग्णामागे सरासरी ४८ सेकंद दिले जात होते आणि दुसऱ्या एका ठिकाणी सुमारे एक मिनिट. त्या समितीने घड्याळ हातात धरले, ही मला तिची फार मोठी गोष्ट वाटते.

आता पुढचे ऐका. २०१७ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ६७ देशांची पाहणी प्रसिद्ध झाली. प्राथमिक उपचाराच्या जागी डॉक्टर एका रुग्णाला सरासरी किती वेळ देतो, एवढाच तिचा प्रश्न. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे. आपल्या देशाचा आकडा दोन-सव्वादोन मिनिटांच्या घरातला. आणि सर्वांत खाली बांगलादेश : ४८ सेकंद. भोर समितीच्या दवाखान्यातला आकडा सत्तर वर्षांनी शेजारच्या देशात जसाच्या तसा भेटावा, हा योगायोग आहे. पण मनाला लागणारा योगायोग आहे. त्याच पाहणीत असेही दिसले की, जगातली सुमारे निम्मी माणसे अशा १८ देशांत राहतात, जिथे डॉक्टर पाच मिनिटे किंवा त्याहूनही कमी वेळ देतो. तेव्हा भोर-वेल्ह्याची ओसरी ही निम्म्या जगाची ओसरी आहे.

कोणी म्हणेल, दोन मिनिटांत काय होत नाही? सर्दीला गोळी द्यावयास दोन मिनिटे पुष्कळ झाली. मान्य आहे. पण सर्दी कोणती आणि दुसरे काय, हे ठरवावयालाच वेळ लागतो. एक मनुष्य खोकला घेऊन येतो. खोकला किती दिवसांचा? दोन आठवड्यांहून जास्त? संध्याकाळी अंग तापते का? वजन उतरले का? घरात कोणाला क्षय होता का? हे चार प्रश्न विचारले तर त्याची थुंकी तपासली जाईल. विचारले नाहीत तर खोकल्याची बाटली घेऊन तो घरी जाईल, आणि महिन्याने पुन्हा त्याच रांगेत उभा राहील. फक्त मध्यंतरी घरातली दोन पोरे त्याच्या शेजारी निजलेली असतील. बायकांचे तर याहून अवघड. अंगावरून पांढरे जाते हे सांगावयास बाईला जिभेवरचे ओझे उतरवावे लागते. मागे रांग, दारात माणसे, पडदा नाही, आणि डॉक्टरांची नजर पुढच्या कागदाकडे; अशा वेळी ती ‘कंबर दुखते’ एवढेच सांगते, आणि कंबरेची गोळी घेऊन परत जाते. तिचा दिवस मोडला तो मोडलाच, आणि दुखणे तसेच राहिले.

म्हणून रांग लवकर संपवावयाची असेल तर डॉक्टरांनी हात भराभर चालवावा, हा उपाय मला फसवा वाटतो. आज वाचवलेली तीन मिनिटे उद्या दुप्पट होऊन परत येतात. तोच रुग्ण पुन्हा येतो, दुसरीकडे जातो, कोणी सुई टोचून घेतो, कोणी सलाईन लावून घेतो, पैसे घालवतो आणि शेवटी दुखणे पिकल्यावर ससूनला जातो. १८६७ साली उभे राहिलेले ते थोर रुग्णालय गरिबाचा शेवटचा आधार आहे. पण भोरच्या ओसरीवर न ऐकलेली गोष्ट तिथे ऐकावी लागावी, हा काही त्याचा उपयोग नव्हे.

मग उपाय काय? ‘डॉक्टर वाढवा’ हे उत्तर आपल्या जिभेवर तयार असते. ते खोटे नाही. मोकळ्या पडलेल्या जागा भरल्याच पाहिजेत, आणि ती मागणी आपण सोडता कामा नये. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांच्या मागे ओसरीखेरीज काय काय लागलेले असते, तेही पाहिले पाहिजे. शिबिरे, बैठका, अहवाल, शवविच्छेदन, रात्रीची बाळंतपणे. आणि ह्या सगळ्यातून उरलेल्या वेळात समोरची गर्दी. पण डॉक्टर येईपर्यंत हात जोडून बसावे काय? माझे म्हणणे असे की, आहे तेवढ्याच डॉक्टरांत आणि आहे तेवढ्याच रुग्णांत खोळंबा अर्ध्यावर आणता येतो. ही जादू नव्हे. साधे गणित आहे, आणि ते मी आपल्यापुढे मांडतो.

सरकारी मानकांप्रमाणे प्राथमिक आरोग्य केंद्रात बाह्यरुग्ण तपासणी दिवसातून सहा तास असावी, चार तास सकाळी आणि दोन तास दुपारी, असे २०१२ साली ठरवले गेले. आणि एका डॉक्टरामागे रोज किमान ४० रुग्ण अपेक्षिले गेले. आपण ते चाळीसही रुग्ण एकट्या सकाळच्या चार तासांत आले असे धरू. कारण दुपारी परतीची गाडी गाठावयाची असल्याने आपली माणसे सकाळीच येतात. चार तास म्हणजे २४० मिनिटे. चाळीस रुग्णांना वाटली तर प्रत्येकी सहा मिनिटे. म्हणजे दोन मिनिटांच्या तिप्पट! वेळ आहे. मग खोळंबा कुठून येतो?

तो येतो चाळीसही जण नऊ वाजता हजर राहिल्यामुळे. पहिला लगेच आत जातो. दुसरा सहा मिनिटे बसतो, तिसरा बारा, आणि चाळिसावा २३४ मिनिटे, म्हणजे जवळजवळ चार तास. सरासरी काढली तर माणशी ११७ मिनिटे. चाळीस जणांची बेरीज ७८ तास. डॉक्टरांच्या चार तासांच्या कामापायी ओसरीवर ७८ तास वाया! आठ तासांचा रोज धरला तर जवळजवळ दहा माणसांची दिवसाची मजुरी रोज त्या बाकांवर सांडते. तिची नोंद कुठल्याही वहीत होत नाही. कारण ती सरकारी तिजोरीतून जात नाही, आपल्या पदरातून जाते.

आता एकच बदल करा. वीस जणांना नऊची वेळ द्या आणि वीस जणांना अकराची. डॉक्टर तेच, रुग्ण तेच, मिनिटे तीच. सरासरी खोळंबा ११७ मिनिटांवरून ५७ मिनिटांवर येतो. दहा-दहांचे चार गट केले तर २७ मिनिटांवर. एक पैसा खर्च नाही, एक मनुष्य जास्त नाही. उलट डॉक्टर अर्धा तास उशिरा आले तर काय होते, तेही पाहा. नऊ वाजता आलेल्या चाळिसांपैकी प्रत्येकाचा अर्धा तास जातो. एका माणसाच्या अर्ध्या तासाची किंमत वीस तास होते.

अर्थात माणसे म्हणजे यंत्राचे सुटे भाग नव्हेत. कोणाला दोन मिनिटे लागतात, कोणाला पंधरा. ह्या कमीजास्तपणामुळे रांग कशी वागते, ह्याचेही शास्त्र आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कचेरीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ साली त्याचा पाया घातला. त्या शास्त्राचा एक सोपा धडा असा : माणसे केव्हाही, कशीही येत असली आणि काम करणारा निम्मा वेळ मोकळा असला, तर सरासरी एका माणसाच्या कामाइतकेच थांबावे लागते, पण तो शंभरातले नव्वद भाग गुंतलेला असला तर नऊ माणसांच्या कामाइतके, आणि पंच्याण्णव भाग गुंतला तर एकोणीस माणसांच्या कामाइतके. डॉक्टरांना क्षणाचीही उसंत राहू नये अशी व्यवस्था केली, म्हणजे ओसरी कधीच मोकळी होत नाही. वरंध घाटात वाहनाला वाहन चिकटले की काय होते, ते ज्याने पाहिले आहे त्याला हे निराळे सांगावयास नको.

१९५२ साली इंग्लंडमध्ये वेल्श आणि बेली ह्या दोघांनी हेच गणित रुग्णालयाच्या ओसरीला लावले. रुग्णांना आधी वेळ नेमून द्यावी. सुरुवातीला दोघांना एकदम बोलवावे, आणि मग तपासणीला सरासरी जितका वेळ लागतो तितक्या अंतराने एकेकाला, असा त्यांचा सल्ला होता. दोघे अशासाठी की, एखादा आला नाही तरी डॉक्टर रिकामे राहू नयेत. आणि अंतराने अशासाठी की, बाकीच्यांनी उगाच बसू नये. ह्या सल्ल्यामागे एक नैतिक विचार आहे, तो मला गणिताहून मोठा वाटतो. डॉक्टरांच्या वेळेला किंमत आहे आणि रुग्णाच्या वेळेला नाही, ही आपली जुनी समजूत. तिच्यापायी आपण डॉक्टरांचे एक मिनिट वाचावे म्हणून वीस माणसांचा तास खर्ची घालतो. रुग्णाच्या वेळेलाही काहीतरी किंमत आहे, एवढे एकदा मान्य केले की साऱ्या दवाखान्याची मांडणी बदलते.

आपण म्हणाल, हे इंग्लंडचे झाले. इथे कोण घड्याळ बघून येणार? इथे एस.टी. येईल तेव्हा माणूस येणार. अगदी बरोबर; आणि म्हणूनच आपल्याकडे नेमणूक घड्याळाची नको, गाडीची हवी. पहिल्या गाडीची गावे पहिल्या गटात, दुसऱ्या गाडीची दुसऱ्या गटात, आणि गावात राहणाऱ्या भोरकरांनी सर्वांत शेवटी यावे. कारण त्यांना परतीच्या गाडीची भीती नाही. ही कल्पना आपल्याला परकी आहे काय? आपल्याच भाटघरचे पाणी निरेच्या कालव्यावर पाळीने दिले जाते. सारे शेतकरी एकाच वेळी दारे उघडून बसत नाहीत. पाण्याला पाळी आहे; मग डॉक्टरांच्या वेळेला का नसावी? गिरणीवर दळण ठेवतानासुद्धा आपण डबा रांगेत ठेवतो आणि कामाला जातो. डबा आपल्या वतीने उभा राहतो. दवाखान्यात मात्र तापाने फणफणलेल्या माणसालाच डबा होऊन बसावे लागते.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. रक्तदाबाचा किंवा मधुमेहाचा रुग्ण दरमहा ठरलेल्या गोळ्यांसाठी रांगेत उभा राहतो. त्याचे वर्षाकाठी बारा दिवस मोडतात, आणि प्रत्येक वेळी तो नव्या रुग्णाची मिनिटेही घेतो. ह्याची गरज आज उरलेली नाही. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले. त्यांनाच पुढे आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले, आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमण्याची योजना झाली. रक्तदाब मोजणे, साखर पाहणे, चालू गोळ्या देणे हे काम उपकेंद्रात झाले पाहिजे; आणि प्रकृती स्थिर असेल तर एकाऐवजी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देता येतात का, हे डॉक्टरांनी ठरवावे. ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले आणि गावच्या बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन दाखवले. डॉ. बानू कोयाजींनी पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातून वढूच्या पंचक्रोशीत तेच केले. पुढे २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानात आशाताई गावोगाव आल्या. जे दुखणे गावात ओळखता येते ते रांगेत येऊच नये, हा ह्या साऱ्यांचा धडा आहे.

तिसरी गोष्ट, जो वेळ बसावेच लागेल तो वाया जाऊ नये. रक्तदाब मोजण्यापूर्वी माणसाने पाच मिनिटे स्वस्थ बसलेले असावे, असे शास्त्र सांगते. पाहा, ओसरीचाही उपयोग आहे! परिचारिकेने तिथेच वजन, ताप, रक्तदाब घ्यावा. खोकला किती दिवसांचा हे विचारावे. ज्याचे रक्त तपासावे लागणार हे उघड आहे त्याला आधीच तिकडे पाठवावे. मग डॉक्टरांपुढे रुग्ण येतो तो निम्मी हकिगत कागदावर घेऊन, आणि डॉक्टरांची सहा मिनिटे ऐकण्यासाठी उरतात. सर्पदंश, दम लागलेला मनुष्य, कळा येणारी बाई, मलूल पडलेले मूल ह्यांना रांग नाही, हेही मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहिलेले असावे, म्हणजे कोणी हुज्जत घालणार नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२२ पासून देशभर मोबाइलवर चौकोनी खूण टिपून केसपेपर काढण्याची सोय होऊ लागली. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क करण्याचा निर्णय झाला. दोन्ही गोष्टी चांगल्या. पण मोबाइलने पहिली रांग आखूड होते, दुसरी नव्हे. आणि ज्या खोऱ्यात मोबाइलला आवाजच येत नाही तिथल्या म्हातारीला तिचाही उपयोग नाही. राहिले निःशुल्क उपचार. पैसे घेणे बंद झाले, पण दिवस घेणे बंद झाले नाही. ज्याच्या हातावर पोट आहे त्याच्यासाठी मोडलेला दिवस हीच खरी फी आहे.

आणि आता आपल्या स्वतःच्या वाट्याचे बोलतो. ओळखीने, चिठ्ठीने, पुढाऱ्याच्या फोनने रांग मोडून आत जाणारा मनुष्य आपल्याला चतुर वाटतो. वरचे गणित पुन्हा आठवा. तो मागे बसलेल्या प्रत्येकाची सहा मिनिटे उचलून नेतो. तीस माणसे बसली असतील तर तीन तास झाले. कोणाच्या शेतातले पाणी असे चोरले तर आपण भांडण काढू. दवाखान्यातली मिनिटे चोरली तर हसून वाट देतो. तसेच, जुने कागद घरी ठेवून येणे, मुख्य दुखणे शेवटी उठता उठता सांगणे, ह्या आपल्या सवयींनीही मिनिटे सांडतात. मुख्य दुखणे पहिल्या वाक्यात सांगावे, चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर आणावी. एवढ्याने डॉक्टरांचे काम पुष्कळ हलके होते.

हे सर्व कोणी घडवून आणावयाचे? २००७ साली ग्रामीण आरोग्य अभियानाखाली महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत आपला पुणे जिल्हा होता. गावकऱ्यांनी दवाखान्याला गुण द्यावयाचे आणि जनसुनवाईत उघडपणे प्रश्न विचारावयाचे, अशी ती रीत. रुग्णालयांना रुग्ण कल्याण समित्याही आहेत. म्हणजे अधिकाराचे दार आहे. आपल्या हातात हिशेब नाही, एवढीच उणीव आहे. ‘फार वेळ लागतो’ ह्या तक्रारीला उत्तर नसते, कारण तिच्यात आकडा नसतो.

म्हणून माझी सूचना अगदी लहान आहे. केसपेपरावर तीन वेळा लिहिल्या जाव्यात : आला केव्हा, डॉक्टरांपुढे गेला केव्हा आणि औषध घेऊन निघाला केव्हा. आधी एक आठवडा करून पाहावे. मग एक आठवडा लावणीच्या दिवसांत, एक बाजाराच्या गर्दीत. भोरच्या महाविद्यालयातल्या मुलामुलींनी रुग्णालयाच्या संमतीने हे काम हाती घेतले तर कोणाला ओझे होणार नाही. आणि रुग्णाचे नाव किंवा दुखणे टिपण्याचे कारणही नाही, फक्त घड्याळ टिपावयाचे. त्या आकड्यांनी डॉक्टरांना दोषी ठरवावयाचे नाही. उलट डॉक्टरच ते आकडे घेऊन वर सांगू शकतील की, पाहा, माझ्यापुढे माणशी दोनच मिनिटे येतात, मला दुसरा सहकारी द्या. कोणती रांग कुठे तुंबते हे दिसले, की गाडीप्रमाणे गट कसे करावयाचे हेही आपोआप सुचेल.

भोर समितीने पाऊणशे वर्षांपूर्वी घड्याळ धरले, ४८ सेकंद मोजले आणि लिहून ठेवले. पुढच्या पिढ्यांनी इमारती बांधल्या, औषधे आणली, रुग्णवाहिका आणल्या. ते सारे थोर काम झाले. फक्त ते घड्याळ कोणी पुन्हा हातात घेतले नाही. ते आता डोंगरातल्या माणसांनीच घेतले पाहिजे. कारण दिवस त्यांचाच मोडतो आहे. व्याख्यान ऐकताना आपला जो तास गेला, त्याचा हिशेब आपण माझ्याकडे मागू शकता. तसाच हिशेब उद्या दवाखान्याच्या ओसरीवर, नम्रपणे पण न चुकता मागावा, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.